उतारावरचे घर : इसार देण्याआधी काय मोजायचे?

डोंगरउतारावरील भूखंड, दरडी आणि बांधकाम परवानगी यांबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांनी प्रश्न पाठवले होते. त्यांतील निवडक प्रश्नांना स्थापत्य आणि नगररचना या क्षेत्रांतील आमच्या सल्लागारांनी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : जावळी तालुक्यात डोंगराच्या कुशीत अकरा गुंठ्यांचा प्लॉट पाहिला आहे. मध्यस्थ म्हणतो, "वीसपर्यंत उतार चालतो, हा अठराच आहे." हे वीस म्हणजे नेमके काय? उतार आम्हाला स्वतः मोजता येईल का?
(वाचक, सातारा)

मध्यस्थाने सांगितलेला आकडा वीस टक्के आहे की वीस अंश, हे आधी त्याच्याकडून स्पष्ट करून घ्या. फसगत बहुतेक वेळा इथेच होते. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (ही डिसेंबर २०२० पासून लागू आहे) डोंगराळ जागेचा उतार १:५ पेक्षा जास्त असेल तर ती बांधकामासाठी अपात्र ठरते. १:५ म्हणजे आडवे पाच मीटर गेल्यावर उभा एक मीटर फरक. टक्क्यांत हा उतार वीस होतो, पण अंशांत फक्त ११.३. वीस अंशांचा उतार टक्क्यांत छत्तीसच्या वर जातो, म्हणजे साधारण १:२.७५. मोबाइलवरच्या कोनमापकाने 'अठरा' दाखवले असेल तर ते अठरा अंश आहेत आणि जागा मर्यादेच्या कितीतरी पलीकडे आहे.

उतार मोजायला महागडी उपकरणे लागत नाहीत. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी (वीस मीटर लांब), दोन सरळ बांबू आणि टेप पुरे. आधी जमिनीवर बादलीभर पाणी ओता आणि ते कोणत्या वाटेने पळते ते पाहा. सर्वांत जास्त उतार त्याच दिशेने असतो आणि मोजायचा तोच. रस्त्याला समांतर मोजून 'जागा सपाट आहे' असे दाखवले जाते, त्याला भुलू नका. या रेषेवर दर पाच मीटरवर बांबू उभा करा आणि टेप आडवी, पाणसळीत धरा. टेप जमिनीला लावून मोजली तर १:५ च्या उतारावर चूक जेमतेम दोन टक्के येते, पण १:२ च्या उतारावर ती बारा टक्क्यांच्या आसपास जाते आणि उतार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. नळीतले बुडबुडे काढून दोन्ही बांबूंवर पाण्याच्या पातळीच्या खुणा करा. प्रत्येक खूण जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि मोठ्या आकड्यातून लहान वजा करा. पाच मीटरमागे हा फरक एक मीटरपेक्षा जास्त निघाला, तर तो तुकडा मर्यादेबाहेरचा. दोन्ही हद्दींजवळ आणि मध्यभागी अशा किमान तीन रेषांवर हे करा.

संपूर्ण प्लॉटची सरासरी काढून समाधान मानू नका. समजा, प्लॉट चाळीस मीटर लांब आहे. खालच्या तीस मीटरमध्ये तीन मीटरचा चढ आहे, म्हणजे १:१०. वरच्या दहा मीटरमध्ये पाच मीटरचा, म्हणजे १:२. एकूण चाळीस मीटरला आठ मीटर, म्हणजे सरासरी बरोबर १:५. कागदावर प्लॉट बसतो, पण घराच्या डोक्यावर १:२ चा उभा तुकडा तसाच राहतो.

हाताने मोजलेले आकडे ठीक वाटले तर परवानाधारक सर्वेक्षकाकडून टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन मोजणारे यंत्र) समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा करून घ्या. त्यात अर्ध्या मीटरच्या रेषा मागा. १:५ च्या उतारावर अशा दोन रेषांमधले अंतर अडीच मीटर, म्हणजे १:२०० च्या नकाशावर साडेबारा मिलिमीटर असते. जिथे रेषा त्याहून जवळ आल्या आहेत तो भाग लाल पेन्सिलीने रंगवा. घर, पार्किंग आणि पाण्याची टाकी लाल भागाच्या बाहेर बसतात का, हे पाच मिनिटांत समजते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशावर हे काम होत नाही. त्यावर समोच्च रेषा वीस मीटरच्या असतात आणि एका गुंठ्याची बाजू मिलिमीटरचा पाचवा हिस्सा भरते.

कागदपत्रांमध्ये सातबारा (त्यातील 'इतर हक्क' रकान्यात वनाची किंवा पुनर्वसनाची नोंद आहे का, ते बघा), भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा आणि नगररचना कार्यालयाचा झोन दाखला भाग नकाशासह घ्या. डोंगरमाथा-डोंगरउतार किंवा वनीकरण विभागात जागा येते का, डोंगराच्या पायथ्यापासून काही अंतर मोकळे सोडण्याची अट तुमच्या गटाला लागू आहे का, हे त्याच कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. शेवटची गोष्ट साठेखताची. 'उताराच्या कारणावरून बांधकाम परवानगी नाकारली गेल्यास इसाराची संपूर्ण रक्कम तीस दिवसांत परत' हे कलम त्यात हवेच. ते घालायला विक्रेता तयार नसेल, तर उताराबद्दल तो तुमच्यापेक्षा जास्त जाणतो असे समजा.

प्रश्न : प्लॉट आधीच पोकलेन लावून सपाट केलेला असेल तर?
(वाचक, कोरेगाव)

तर जास्त सावध राहा. सपाट केलेल्या जागेचा अर्धा भाग कापलेला असतो आणि अर्धा भरावाचा. दहा मीटर खोल आणि बारा मीटर रुंद जागा १:५ च्या उतारावर समतल करायची तर मागे एक मीटर कापून पुढे एक मीटर भरावे लागते. हा मुरूम सुमारे तीस घनमीटर, म्हणजे दहा-साडेदहा ब्रास होतो. मूळ उतार १:२ असेल तर मागची कापणी अडीच मीटर आणि मुरूम पंचाहत्तर घनमीटर, म्हणजे साडेसव्वीस ब्रास. नुसता ढकललेला भराव दोन-तीन पावसाळे खचत राहतो. घराचा मागचा पाया कातळावर आणि पुढचा भरावावर आला की पहिली भेग मधल्या खोलीत पडते.

मूळ उतार किती होता, ते शेजारच्या न कापलेल्या जमिनीवर नळी लावून समजते. जेसीबी फिरला म्हणून डोंगर पात्र ठरत नाही. आमच्या मते परवानगीसाठी मूळ उतारच धरला पाहिजे आणि नकाशात तो दाखवण्याचा आग्रह खरेदीदारानेच धरावा.

प्रश्न : महाबळेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिथेही हीच नियमावली लागते का?
(वाचक, वाई)

नाही. गिरिस्थान नगरपरिषदा आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचित केलेली पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे या एकत्रिकृत नियमावलीतून वगळलेली आहेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसराची अशी अधिसूचना १७ जानेवारी २००१ ची आहे. तिथे प्रादेशिक योजना आणि तिची स्वतःची नियमावली चालते. तीव्र उतारावर किंवा जास्त धूप होणाऱ्या उतारावर विकास करायचा नाही, हे तत्त्व त्या चौकटीचा भाग आहे, आणि देखरेखीसाठी उच्चस्तरीय संनियंत्रण समिती आहे. म्हणून साताऱ्यातल्या ओळखीच्या वास्तुविशारदाने 'बाकी सगळीकडे असेच पास होते' म्हटले तरी तो आधार तिथे उपयोगाचा नाही. झाडतोड, विंधन विहीर आणि खोदकाम यांचीही स्वतंत्र बंधने आहेत. मुख्याधिकारी किंवा तहसील कार्यालयात लेखी अर्ज करून तुमच्या गट क्रमांकाचा विभाग आणि अनुज्ञेय वापर आधी मागून घ्या. त्यानंतरच आराखड्यावर पैसा घाला.

प्रश्न : पाटण तालुक्यात गावठाणात आमचे जुने घर आहे. ते पाडून स्लॅबचे बांधायचे आहे. घरामागे साधारण तीन मीटर उंचीची उभी दरड आहे आणि ती भिंतीपासून मीटरभरच दूर आहे. ग्रामपंचायतीची परवानगी पुरेशी आहे का? संरक्षक भिंत कशी बांधावी?
(वाचक, पाटण)

परवानगीचा भाग थोडक्यात. गावठाणात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी लागते, आणि लहान भूखंडांसाठी प्रक्रिया अलीकडे सोपी झाली आहे. गावठाणाबाहेर मात्र ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. तिथे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. घरपट्टीची पावती आणि नमुना आठचा उतारा यांवरूनही बांधकाम अधिकृत ठरत नाही. आणि प्रक्रिया सोपी झाली म्हणून मागची दरड सौम्य झालेली नसते, तेव्हा खरा मुद्दा तिचाच.

पाटणचे डोंगर म्हणजे काळ्या पाषाणाचे थरावर थर आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या चिकण मातीचा पट्टा. पावसाचे पाणी पाषाणाच्या चिरांतून खाली उतरते, या तांबड्या मातीवर अडते आणि आडवे बाहेर पडते. त्याच्या खाली, पायथ्याशी, शेकडो वर्षांची घसरून आलेली दगड-माती साचलेली असते. आपल्या वाड्या-वस्त्या बहुतेक त्याच मातीवर आहेत, कारण शेतीला ती चांगली आणि पाणी जवळ. २०२१ च्या जुलैमध्ये आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी आल्या. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. एवढे पाणी मातीत मुरले की तिचे वजन वाढते आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. त्यात कोणी पायथा कापलेला असेल तर वरच्या भागाचा टेकूच गेलेला असतो.

म्हणून सगळ्यात आधी घर पुढे सरकवता येते का ते पाहा. दरड जितकी उंच, किमान तितके अंतर घर आणि दरड यांच्यामध्ये असावे. तुमच्या बाबतीत तीन मीटर. जागा कमी पडत असेल तर मागच्या बाजूला झोपायची खोली ठेवू नका. तिथे जिना, न्हाणीघर किंवा साठवणीची खोली काढा.

भिंतीच्या आधी पाणी अडवा. दरडीच्या कडेपासून दोन-तीन मीटर मागे, वरच्या अंगाला, आडवी चर काढा. ती पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद आणि तीस ते पंचेचाळीस खोल, शंभर मीटरला एक मीटर अशा उताराने असावी. चर दगड-सिमेंटने बांधून काढणे अत्यावश्यक आहे. कच्ची चर खोदून सोडली तर ती पाणी गोळा करून नेमके दरडीच्या पाठीत मुरवते. चरीचा शेवट नैसर्गिक ओढ्यात करा. शेजाऱ्याच्या परड्यात सोडू नका.

डबराच्या सिमेंट बांधकामाची भिंत तीन मीटर उंच असेल, तर तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी असू नये. साधारण दीड ते एक मीटर ऐंशी सेंटिमीटर धरा. पाया कडक मुरमात किंवा कातळात हवा. भिंतीतून शंभर मिलिमीटरचे पाइप बाहेरच्या बाजूला उतार देऊन, दर दीड मीटरवर, एकाआड एक ओळीत टाका. सर्वांत खालची ओळ जमिनीपासून वीतभर वर ठेवा. भिंतीमागे किमान तीस सेंटिमीटर जाडीचा खडी-डबराचा थर पूर्ण उंचीपर्यंत रचा आणि तिथे काळी माती घालू नका. पाइप आहेत पण मागे खडी नाही, अशी भिंत आमच्या भागात सर्रास दिसते. एका पावसाळ्यात पाइपांची तोंडे गाळाने बंद होतात आणि भिंत पाण्याच्या टाकीची भिंत बनते. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी भरले तर नुसत्या पाण्याचा दाब दर मीटर लांबीला साडेचार टनांच्या आसपास येतो. भिंत पोटातून फुगते, मग पडते.

पाया सलग खोदू नका. तीन मीटरचा एक तुकडा खोदा, बांधून घ्या, मग एक सोडून पुढचा घ्या. काम डिसेंबर ते मेच्या मधल्या काळातच उरका. उंची तीन मीटरच्या वर असेल तर एकच उंच भिंत न बांधता मध्ये पायरी सोडून दोन भिंती घाला आणि आराखडा स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच घ्या. १९६७ च्या भूकंपाचा हा परिसर आहे, त्यामुळे भिंतीच्या आणि घराच्या हिशेबात भूकंपाचा भार धरायला सांगा.

भिंत कितीही चांगली असली तरी ती तुमच्या मागची तीन मीटर दरड सांभाळते. वरचा अख्खा डोंगर सरकला तर ती काही करू शकत नाही. डोंगरावर उतारालाच आडव्या, चंद्रकोरीसारख्या भेगा, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे, नव्या जागी पाणी फुटणे, झाडे आणि विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या एकाएकी अडकणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र व्हायची वाट न पाहता माणसे आणि जनावरे बाहेर काढा. मग जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती चिकण मातीने बुजवून वर ताडपत्री टाकतात. पण हा उपाय पावसाआधीचा आहे, मुसळधार सुरू असताना तिथे जाऊ नका.

प्रश्न : शेजाऱ्याने आमच्या हद्दीला लागून पाच मीटर डोंगर कापून मुरूम विकला. आता आमच्या आंब्याच्या झाडांखाली भेगा पडल्या आहेत. तक्रार कुठे करायची?
(वाचक, शिराळा)

तीन ठिकाणी, एकाच दिवशी. गौण खनिजाच्या बेकायदा उत्खननासाठी तहसीलदारांकडे: जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो. विनापरवानगी विकासासाठी नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे नगरपरिषद किंवा नगरपंचायत हद्दीत मुख्याधिकारी आणि बाहेर जिल्हाधिकारी: यासाठी प्रादेशिक व नगररचना अधिनियमाची कलमे ५२ आणि ५३ आहेत. जीविताला धोका असेल तर तिसरा अर्ज जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या. अर्जात गट क्रमांक, कापणीची लांबी आणि उंची, तारीख दिसणारे फोटो आणि तलाठ्यांमार्फत पंचनाम्याची मागणी असावी. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

दिवाणी बाजूही भक्कम आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम ७ नुसार प्रत्येक जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे शेजाऱ्याला आपली जमीन खोदता येते, पण तुमची ढासळेल अशी नाही. जमिनीवर घर असेल तर त्या जादा भाराला आधार मिळण्याचा हक्क वीस वर्षे निर्वेध उपभोगल्यावर कलम १५ प्रमाणे मिळतो. जुन्या घराच्या मालकांनी घरपट्टीच्या जुन्या पावत्या म्हणूनच जपून ठेवाव्यात. आधी वकिलामार्फत नोटीस, मग मनाई हुकमाचा दावा. तोवर भेगा बुजवून पाणी त्यांच्यापासून दूर वळवा, कारण पावसाळा निकालासाठी थांबणार नाही.

प्रश्न : उतारावर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कुठे असावा?
(वाचक, मेढा)

शोषखड्डा घराच्या खालच्या अंगाला, घरापासून किमान सहा मीटर आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान अठरा मीटर दूर हवा. कापणीच्या किंवा संरक्षक भिंतीच्या वर तो कधीही घेऊ नका. चार माणसांचे रोजचे चारशे लिटर सांडपाणी धरले तर वर्षाला जवळपास दीड लाख लिटर पाणी एकाच जागी, तेही बारमाही, उतारात मुरते. गच्चीचे पाणी त्यात सोडू नका. त्याला स्वतंत्र पन्हाळ आणि बांधीव गटार हवे.

प्रश्न : आमचा प्लॉट खानापूर तालुक्यात माळावर आहे. उतार फार नाही, १:१२ भरला. पण मधून एक ओघळ जात होती, ती विकणाऱ्याने मुरूम टाकून बुजवली आहे. पाऊस तरी कुठे जास्त पडतो आमच्याकडे! घर बांधायला हरकत आहे का?
(वाचक, विटा)

उताराची अट तुम्ही ओलांडत नाही, पण पाण्याची दुसरी अट आहे आणि ती नळीने मोजताना दिसत नाही. नाल्यासारख्या लहान प्रवाहाच्या पाण्याच्या खुणेपासून नऊ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून पंधरा मीटरच्या आतली जागा बांधकामाला चालत नाही. प्रवाह गाव नकाशावर किंवा विकास योजनेत दाखवलेला आहे का, ते आधी पाहा. बुजवला म्हणून तो नकाशावरून जात नाही.

पाऊस कमी, हे खरे. पण तुमच्याकडचा पाऊस वळवाचा आणि परतीचा, तासाभरात झोडपून जाणारा असतो. माळावर गवत विरळ आणि माती पातळ, त्यामुळे पाणी मुरण्याऐवजी पळते. ओघळीला वरून एक हेक्टर माळाचे पाणी येत असेल, तासात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले निम्मे वाहिले, तर सेकंदाला सत्तर लिटर पाणी येते. विकणाऱ्याने मुरमाखाली सहा इंची पाइप टाकला असेल तर त्यातून पन्नास मीटरला एक मीटर उतार असताना वीस-पंचवीस लिटरच जातात. उरलेले पाणी भरावावरून वाहते आणि दोन-तीन पावसांत तो धुऊन नेते. त्यावर घराचा कोपरा असेल तर पायाखाली पोकळी राहते.

ओघळ पुन्हा उघडा. तळ डबराने बांधून काढा. दर दहा-बारा मीटरवर कंबरेपेक्षा कमी उंचीचा दगडी बांध घाला. बांधाचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा वीस-तीस सेंटिमीटर खाली ठेवा, नाहीतर पाणी कडेने काठ फोडून वळसा घालते. दोन्ही काठांवर वाळा लावा. घर ओघळीपासून नऊ मीटर सोडून, जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान साठ सेंटिमीटर उंच घेऊन बांधा. नऊ मीटर सोडल्यावर घराला जागा उरत नसेल, तर खरेदीखत करू नका.